पूल क्यूचं वजन नेमकं कुठे असतं? पहिला क्यू घेणाऱ्यांसाठी

क्लबातल्या क्यूच्या बटावर, म्हणजे मागच्या जाड भागावर, बहुधा १८, १९, २० किंवा २१ असा आकडा छापलेला असतो. हे वजन औंसांत असतं. एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या किंचित वर. स्वतःचा क्यू घ्यायला निघालेल्या नव्या खेळाडूचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वजनाचा घेऊ?" प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटी विचारायचा. बहुतेक चांगल्या क्यूंचं वजन मागचा रबरी बंपर काढून, आतला बोल्ट बदलून औंसभर इकडेतिकडे करता येतं. बटाचं लाकूड, जॉइंटची (दोन तुकड्यांच्या जोडाची) जात, शाफ्टचं म्हणजे पुढच्या निमुळत्या तुकड्याचं टोक या गोष्टी मात्र क्यू बनतानाच ठरून जातात. म्हणून आधी रचना बघायची, मग तोल आणि वजन सर्वांत शेवटी.

इथलं सगळं दोन तुकड्यांच्या, साधारण ५८ इंची पूल क्यूबद्दल आहे, म्हणजे एट-बॉल आणि नाइन-बॉल खेळतात तो. स्नूकरच्या क्यूचा विषय पुढे येईलच, कारण आपल्याकडे अनेकांच्या हातात आधी तोच येतो.

पायरी १ : हातात आहे तो क्यू मोजा

बटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. क्लबातल्या क्यूंच्या टिप बदललेल्या असतात, बंपर हरवलेले असतात, शाफ्ट घासून घासून बारीक झालेले असतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. क्यू उघडा, शाफ्ट आणि बट वेगवेगळे तोला आणि बेरीज करा. दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवा, पुढे लागतील. मेपलचा शाफ्ट साधारण ११० ते १२० ग्रॅम, म्हणजे चार औंसांच्या आसपास भरतो. उरलेलं सगळं वजन बटात. १९ औंसांच्या, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅमच्या क्यूमध्ये तब्बल पंधरा औंस मागच्या अर्ध्या भागात असतात, हे पहिल्यांदा मोजताना बहुतेकांना खरं वाटत नाही.

आता तोल. क्यू जोडा आणि दोन्ही हातांच्या तर्जन्यांवर आडवा धरा, एक बोट टिपेकडे, दुसरं बटाकडे. दोन्ही बोटं हळूहळू जवळ आणा. कधी हे बोट सरकेल, कधी ते, पण शेवटी दोन्ही जिथे भेटतील तोच क्यूचा तोलबिंदू. ज्या बोटावर भार जास्त तिथे घर्षण जास्त, म्हणून ते थांबतं आणि दुसरं सरकतं. त्यामुळे ही युक्ती चुकत नाही. त्या जागी कागदी चिकटपट्टी लावा आणि बंपरच्या टोकापासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. पूल क्यूमध्ये ते बहुधा १८ ते २० इंच येतं. १८ च्या खाली आलं तर क्यू मागे जड, २० च्या वर गेलं तर पुढे जड, असं ढोबळमानाने समजा.

शक्य तितके क्यू असे मोजा. क्लबातले, मित्रांचे, दुकानातले. जो क्यू हातात बरा वाटतो त्याचे तीन आकडे (शाफ्ट, बट, तोल) फोनमध्ये टिपून ठेवा. खरेदीच्या वेळी जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा हे तीन आकडे जास्त उपयोगी पडतात.

पायरी २ : भाग ओळखा

पुढून मागे जाऊ. सर्वांत पुढे चामड्याची टिप, पूल क्यूमध्ये बहुधा पावणेबारा ते १३ मिलिमीटर रुंद. तिच्यामागे फेरूल, म्हणजे पांढरी टोपी. एके काळी ती हस्तिदंताची असे, आता कुठल्यातरी प्लास्टिक किंवा रेझिनची असते. मग शाफ्ट. शाफ्टच्या मागच्या टोकाला कॉलर आणि आटे, त्यात बटातून आलेली पिन बसते. हा झाला जॉइंट. बटाचा पुढचा भाग म्हणजे फोरआर्म, मग हाताची पकड जिथे येते ते हँडल (त्यावर दोऱ्याचं किंवा चामड्याचं रॅप), त्यामागे बट स्लीव्ह आणि शेवटी बटकॅप. बटकॅपच्या आत वजनाचा बोल्ट आणि त्यावर रबरी बंपर.

रॅपबद्दल एक गैरसमज इथेच निकालात काढतो. चामड्याचं रॅप घेतलं की क्यू मागे जड होतो, असं बरेच जण सांगतात. रॅप बसवण्यासाठी हँडलचं तेवढंच लाकूड आधी तासून काढलेलं असतं, त्यामुळे निव्वळ फरक काही ग्रॅमचाच पडतो. घाम येतो की नाही, हात घसरतो की नाही, यावरून रॅप ठरवा. वरून चढवायची रबरी नळी मात्र खरोखर वजन वाढवते आणि तेही मागच्या बाजूला.

पायरी ३ : बटाचं लाकूड पाहा

बहुतेक शाफ्ट कठीण मेपलचे असतात. मेपलची घनता दर घन सेंटिमीटरला ०.७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या सागवानापेक्षा थोडी जास्त. बटात मात्र नाना लाकडं येतात: शिसवी सुमारे ०.८३, पर्पलहार्ट ०.९ च्या आसपास, एबनी ०.९५ ते १.१ आणि मध्य अमेरिकेतलं कोकोबोलो जवळजवळ १.१. एबनीच्या बऱ्याच जाती आणि कोकोबोलो पाण्यात टाकले तर बुडतात.

आकडे मांडून पाहू. बट २९ इंच लांब, जॉइंटपाशी साडेएकवीस मिलिमीटर जाड आणि मागे ३२ मिलिमीटर, असं धरलं तर त्याचं आकारमान ४२० घन सेंटिमीटर निघतं. तो नुसत्या मेपलचा केला तर ३०० ग्रॅम, नुसत्या एबनीचा केला तर ४२० ग्रॅमच्या पुढेमागे. म्हणजे फक्त लाकूड बदलल्याने चार औंसांहून जास्त फरक. मेपलच्या बटात पिन, कॉलर, बटकॅप आणि बोल्ट घालून तो १५ औंसांवर आणावा लागतो. एबनीचा बट काहीही न घालता पंधराच्या जवळ असतो. त्यात स्टीलची पिन घातली की वजन आटोक्यात ठेवताना कारागिराची दमछाक होते.

म्हणून जड लाकडाचे बट पुष्कळदा आतून पोकळ करून त्यात सरळ रेषांच्या मेपलचा दांडा चिकटवतात. याला कोअरिंग म्हणतात. १६ मिलिमीटरचा दांडा बटाच्या पूर्ण लांबीत घातला तर एबनीच्या बटातून ४५-५० ग्रॅम, म्हणजे दीड ते पावणेदोन औंस कमी होतात. शिवाय नक्षीदार, गाठीगाठींचं लाकूड हवामानानुसार वाकायला बघतं, त्यालाही आतून आधार मिळतो. दुकानदाराला "बट कोअर केलेला आहे का?" एवढं विचारा. उत्तर देता आलं तर तो माल ओळखतो, असं समजायला हरकत नाही.

लाकूड कुठलं आहे याइतकंच ते बटात कुठे बसवलंय हेही महत्त्वाचं. आजचे बहुतेक बट तीन तुकड्यांचे असतात. फोरआर्म, हँडल आणि स्लीव्ह वेगवेगळे करून आत स्क्रू आणि गोंदाने जोडतात. हँडल रॅपखाली झाकलेलं असल्यामुळे ते साध्या मेपलचं चालतं. फोरआर्म एबनीचा आणि स्लीव्ह मेपलची असेल तर तोल पुढे सरकतो, उलट केलं तर मागे. दोन्ही क्यू १९ औंसांचेच भरतील, पण हातात सारखे लागणार नाहीत.

जुन्या पद्धतीचा फुल स्प्लाइस बट वेगळा असतो. मागचं गडद, जड लाकूड लांब निमुळत्या पाकळ्यांनी पुढच्या मेपलमध्ये शिरवतात, त्यामुळे मध्ये स्क्रू लागत नाही आणि वजन मागून पुढे हळूहळू कमी होत जातं. अमेरिकेतल्या क्लबांमध्ये भिंतीवर लावलेले एकसंध क्यू अनेक वर्षं याच पद्धतीने बनत होते. ब्रुकलिनमध्ये १९५९ पासून क्यू बनवणाऱ्या जॉर्ज बालाबुष्का यांच्यासारख्या नामांकित कारागिरांनीही दुसऱ्यांकडून स्प्लाइस केलेले बट घेऊन आपले क्यू घडवले. स्वस्त क्यूवर दिसणाऱ्या पाकळ्या मात्र बहुधा चिकटवलेल्या छापील पट्ट्या असतात. बोटाने चाचपून किंवा टोकं बघून कळतं: खऱ्या पाकळीच्या आत लाकडाच्या रेषा दिसतात, छापील पाकळीत ठिपके.

शिसवी आणि कोकोबोलो ही दोन्ही डालबर्जिया वंशातली झाडं. २०१७ पासून हा अख्खा वंश साइट्स या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत आहे. परदेशातून अशा लाकडाचा क्यू मागवणार असाल तर विक्रेत्याला कागदपत्रांबद्दल आधीच विचारा.

पायरी ४ : जॉइंट

इथे धातू येतो आणि धातू लाकडापेक्षा कितीतरी जड. स्टेनलेस स्टील दर घन सेंटिमीटरला सुमारे ८ ग्रॅम, पितळ साडेआठ, टायटॅनियम साडेचार, अ‍ॅल्युमिनियम २.७, फेनॉलिक रेझिन १.४ च्या आसपास. तीन इंच लांब आणि ३/८ इंच जाडीची पिन स्टीलची असेल तर ३० ते ३५ ग्रॅम, टायटॅनियमची २० च्या जवळ आणि जी-१० या काचतंतूच्या संमिश्र पदार्थाची ८ ग्रॅम. बाहेरची कॉलर स्टीलची असेल तर ते वजन आणखी वेगळं.

याने तोल किती हलतो? हिशेब सोपा आहे आणि तो एकदा शिकून घेतलात तर पुढचं बरंचसं आपोआप कळेल. जोडलेलं वजन गुणिले ते वजन आणि सध्याचा तोलबिंदू यांतलं अंतर, भागिले क्यूचं नवं एकूण वजन. येतो तो आकडा म्हणजे तोल किती इंच सरकला. समजा १९ औंसांचा क्यू आहे, तोल साडेअठरा इंचांवर. जॉइंट मागच्या टोकापासून २९ इंचांवर, म्हणजे तोलापासून साडेदहा इंच पुढे. तिथे एक औंस वाढवला तर साडेदहा भागिले वीस, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा किंचित जास्त. स्टीलच्या जॉइंटचा क्यू पुढे जड लागतो असं म्हणतात ते खरंच आहे, पण बोलण्यात दोन इंचांचा वाटणारा फरक मोजला की अर्ध्या इंचावर येतो.

जॉइंटच्या प्रकारावरून क्लबात तासन्‌तास वाद चालतात. स्टीलचा जॉइंट कडक मार देतो, लाकडाला लाकूड भिडलं की फटका जिवंत वाटतो, वगैरे. माझ्या मते नवशिक्याने यात पडू नये. फटक्याच्या जाणिवेत टिपचा आणि शाफ्टचा वाटा जॉइंटपेक्षा बराच मोठा असतो. तुम्ही फक्त एवढं पाहा: दोन्ही तोंडं फट न राहता बसतात का, पिन फिरवताना डगमगते का आणि पुढे कधी दुसरा शाफ्ट घ्यायचा झाला तर त्या आट्याचा सहज मिळेल का. ३/८-१०, ५/१६-१८ (आधी पिनेची इंचातली जाडी, मग इंचामागे आटे), रेडियल आणि युनि-लॉक या पिनांसाठी शाफ्ट सर्रास मिळतात. एखाद्या कंपनीच्या स्वतःच्याच आट्याचा क्यू असेल तर जन्मभर तिच्याच दारात जावं लागेल.

पायरी ५ : शाफ्टचं पुढचं टोक

आतापर्यंत आपण औंसांत बोलत होतो, इथे ग्रॅमात बोलावं लागेल.

आधी तोल. टिप मागच्या टोकापासून ५८ इंचांवर, म्हणजे तोलबिंदूपासून साडेएकोणचाळीस इंच पुढे. तिथे नुसते ३ ग्रॅम वाढवले, म्हणजे एक दशांश औंस, तर तोल एक पंचमांश इंच पुढे येतो. जॉइंटपाशी तेवढाच परिणाम साधायला जवळजवळ चौपट वजन लागतं. म्हणून फेरूल लांबलचक आणि जड आहे का, टिप भलती जाड आहे का, हे बघायचं.

पण टोकाच्या वजनाचं खरं काम वेगळंच आहे. पांढऱ्या बॉलला मध्यावर न मारता डावीकडे किंवा उजवीकडे मारलं, म्हणजे साइड लावली, की बॉल क्यूच्या रेषेत न जाता थोडा उलट्या बाजूला निसटतो. उजवी साइड लावली तर डावीकडे. याला डिफ्लेक्शन म्हणतात. टिप आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्या वेळात आडवा धक्का शाफ्टमध्ये जेमतेम काही इंच मागे पोहोचतो, त्यामुळे बॉलला आडवं ढकलण्यात सगळ्या क्यूचं वजन सामीलच होत नाही. टोकाकडच्या पाच ते आठ इंचांचंच होतं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी शाफ्टवर वेगवेगळ्या अंतरांवर वजनं लावून हे प्रयोगाने दाखवलं आहे: टोकाशी लावलेलं वजन डिफ्लेक्शन वाढवतं, मागे लावलेल्याचा जवळपास परिणाम होत नाही.

त्यामुळे कमी डिफ्लेक्शनचा शाफ्ट बनवायचा म्हणजे टोक हलकं करायचं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या प्रेडेटर या अमेरिकी कंपनीने ३१४ नावाचा शाफ्ट आणला. तो मेपलच्या दहा उभ्या फाका गोल जोडून केलेला आणि टोकाशी आतून पोकळ. फाका जोडल्याने शाफ्ट सगळ्या दिशांना सारखा कडक राहतो, पोकळीने टोक हलकं होतं. आता कार्बन फायबरचे शाफ्ट त्याच वाटेवर आहेत. कार्बनचा पदार्थ घनतेने मेपलच्या दुपटीहून जड, पण तो पातळ नळीच्या रूपात असतो आणि आत फोम भरलेला. एकूण वजन लाकडी शाफ्टच्या जवळपासच राहतं, टोक मात्र हलकं आणि नळी कडक.

घाईने कार्बनवर उडी मारायची गरज नाही. पहिलं वर्षभर साइड मोजूनमापून वापरायची असते आणि त्या काळात सरळ, साध्या मेपलच्या शाफ्टवर भागतं. पण पैसे दोनपैकी एकाच गोष्टीवर जास्त घालायचे असतील तर नक्षीदार बटापेक्षा शाफ्टवर घाला. क्यू वापरून विकणारे खेळाडू हे जाणतात. वापरलेला चांगला शाफ्ट आणि साधा बट ही जोडी बाजारात बऱ्याचदा परवडते.

पायरी ६ : तोल हाताला कसा कळतो

क्यू दोन ठिकाणी टेकतो: मागचा हात आणि पुढचा ब्रिज, म्हणजे टेबलावर टेकवलेला हात. समजा मागची पकड टोकापासून ८ इंचांवर आणि ब्रिज ४८ इंचांवर. तोल साडेअठराला. ५४० ग्रॅमच्या क्यूपैकी ब्रिजवर सुमारे १४० ग्रॅम येतात, बाकीचे ४०० मागच्या हातात. तोल एक इंच पुढे सरकला तर ब्रिजवर १५५. बस, इतकाच फरक. पण ब्रिजवरचा क्यू किती ठामपणे बसलाय ते तुम्ही प्रत्येक फटक्यात अनुभवता, म्हणून हे १४-१५ ग्रॅमही जाणवतात.

यातून महत्त्वाची गोष्ट निघते. तोल नुसता मागच्या टोकापासून बघून भागत नाही, तुमच्या पकडीपासून बघायचा. बुटक्या खेळाडूची किंवा ब्रिज आखूड ठेवणाऱ्याची पकड पुढे येते, १२ इंचांपर्यंतसुद्धा. त्याला साडेअठराचा क्यू मागे जड वाटतो, कारण पकड आणि तोल यांच्यात अंतरच उरत नाही आणि क्यू पुढच्या बाजूने उचलल्यासारखा होतो. उंच माणसाला तोच क्यू पुढे ओढणारा वाटेल. म्हणून दुसऱ्याचा आवडता क्यू तुम्हाला चालेलच असं नाही.

पकड कुठे येते ते बघायला मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. टिप बॉलला लागते त्या क्षणी मागच्या हाताचा कोपराखालचा भाग उभा, जमिनीला लंब असावा. त्या वेळी हात जिथे आहे ती तुमची पकड. तिथून तोलबिंदूपर्यंतचं अंतर मोजून फोनमधल्या तीन आकड्यांत चौथा आकडा म्हणून लिहा.

पायरी ७ : आता वजन

जड क्यूने बॉल जोरात जातो, हे अर्धसत्य. पूलचा बॉल जास्तीत जास्त सहा औंसांचा असतो. क्यूचा वेग तोच ठेवला तर बॉलचा वेग क्यूचं वजन भागिले क्यू आणि बॉल यांच्या वजनाची बेरीज, या प्रमाणात बदलतो. १८ औंसांना १८ भागिले २४, म्हणजे ०.७५. २१ औंसांना २१ भागिले २७, म्हणजे ०.७७८. तीन औंसांच्या फरकाने बॉलचा वेग पावणेचार टक्क्यांच्या आतच वाढतो. हाताने तोच वेग दिला तर, हे लक्षात ठेवा. जड क्यू हाताकडून थोडा हळूच फिरतो. ब्रेकसाठी, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी, काही जण मुद्दाम हलका क्यू घेतात तो यामुळेच.

नव्या खेळाडूला माझा सल्ला सरळ आहे: १९ ने सुरुवात करा. दुकानात सर्वांत जास्त क्यू त्याच्याच आसपास असतात आणि तिथून दोन्ही बाजूंना जायला जागा राहते. २१ चा क्यू सुरुवातीला स्थिर वाटतो, कारण तो हाताची थरथर थोडी झाकतो. पण हळू, मोजका फटका मारायचा झाला की त्याला आवरणं कठीण जातं. अधिकृत नियमांची चिंता नको, डब्ल्यूपीए या जागतिक पूल संघटनेची कमाल मर्यादा २५ औंस आहे. लांबी किमान ४० इंच, टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको, एवढंच. ४०-४१ इंचांचे आखूड, हलके जंप क्यू (पांढरा बॉल उडवण्यासाठीचे) या किमान लांबीच्या नियमात बसवूनच बनवलेले असतात.

पायरी ८ : बोल्ट बदलण्याआधी चाचणी

बोल्ट विकत घेण्याआधी वजन वाढवून बघता येतं. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. चार नाणी म्हणजे औंसाहून किंचित जास्त. ती बंपरवर रचून इन्सुलेशन टेपने घट्ट आवळा आणि संध्याकाळभर खेळा. तोल मागे गेलेला आवडतोय का, ते कळेल. उलट पुढे वजन हवंसं वाटत असेल तर सोल्डरिंगची जाड तार औंसभर तोलून जॉइंटभोवती गुंडाळा, वर टेप. फटका मारताना जॉइंट ब्रिजपर्यंत येत नाही, त्यामुळे अडचण होत नाही. लाकडाला गोंद लागू नये म्हणून खाली आधी कागदी टेप लावा, आणि तारेत शिसं असेल तर नंतर हात धुवा.

चाचणीत जोरदार फटके मारून काही समजत नाही. पांढरा बॉल हेड लाइनवरून (ब्रेक मारतात त्या बाजूच्या रेषेवरून) हळू मारून समोरच्या गादीला लावून परत आणा आणि तो जिथून निघाला त्याच्या किती जवळ थांबतो ते बघा. मग लांबचा सरळ पॉट, बॉल जागच्या जागी थांबवण्याचा प्रयत्न करत. वजन आणि तोल जमला आहे की नाही ते असल्या मंद फटक्यांत उघडं पडतं.

बोल्ट बदलायचा झाला तर बंपर काढा (काही स्क्रूने बसवलेले, काही नुसते दाबून), आत अ‍ॅलन कीने बोल्ट फिरवा. प्रत्येक कंपनीचा आटा सारखा नसतो, म्हणून जुना बोल्ट बरोबर घेऊन जा. नवा घट्ट बसला पाहिजे. सैल राहिलेला बोल्ट फटक्याबरोबर बारीक खणखण करतो आणि लोक शाफ्टला दोष देत बसतात. औंसभर बोल्ट वाढवला, तो टोकापासून दोन इंचांवर, तर तोल पाऊण इंचाहून जास्त मागे जातो. वजन वाढलं पण क्यू पुढून हलका वाटायला लागला, अशी तक्रार येते ती यामुळे. वजन वाढवायचं पण तोल राखायचा असेल तर बटात खोल, पुढच्या बाजूला बसणारा लांब बोल्ट मिळतो का ते विचारा. मागे एक्स्टेंशन (लांबी वाढवणारा तुकडा) जोडलं तर हाच परिणाम आणखी मोठा होतो, म्हणून ते लांबच्या फटक्यापुरतंच ठेवा.

स्नूकरचा क्यू आधीच घरात असेल तर

भारतासाठी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स जन्माने पुण्याचे, दुसरे नामवंत बिलियर्ड्सपटू मायकेल फरेरा मुंबईचे. आपल्या जुन्या क्लबांचा पिंड बिलियर्ड्स-स्नूकरचा आहे, त्यामुळे काकांचा किंवा वडिलांचा अ‍ॅशचा क्यू घरात असणं नवल नाही. त्याच्यावर पूल शिकता येतो. अ‍ॅश घनतेने मेपलच्या जवळच. मोठा फरक जॉइंटच्या जागेत आहे. स्नूकरचे बरेच क्यू तीन-चतुर्थांश लांबीवर जोडलेले असतात, म्हणजे पितळी जॉइंट मागून साधारण १५-१६ इंचांवर येतो. ही जागा तोलबिंदूच्या इतकी जवळ की जड पितळानेही तोल फारसा हलत नाही. वरचा हिशेब लावून बघा, अंतरच दोन-तीन इंचांचं आहे. टिप ९.५ ते १० मिलिमीटरची आणि फेरूल पातळ पितळी. पूलचा बॉल स्नूकरच्या बॉलपेक्षा मोठा आणि जड असतो, त्यामुळे अशा क्यूने ब्रेक मारू नका, टिप पसरते आणि फेरूल सैल होतं. ब्रेकसाठी क्लबचा क्यू घ्या, बाकी खेळ आपल्या क्यूने.

खरेदीच्या दिवशी, आणि नंतर पावसात

दुकानात शाफ्ट आणि बट वेगवेगळे टेबलावर लोळवा. टोक उडत असेल तर ठेवून द्या, जोडलेला क्यू लोळवून दोष कुठल्या भागात आहे ते समजत नाही. बट कानाशी धरून तळहाताने हलकेच ठोका, आत काही खुळखुळलं तर बोल्ट किंवा गोंद सुटलेला. मग घडीचा टेप काढून तोल मोजा आणि फोनमधल्या आकड्यांशी ताडून बघा. हे करताना कोणी हसलं तर हसू द्या.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड हवेतला ओलावा पितं. बटावर जाड लॅकर असतो, तो बराच तगून राहतो. शाफ्ट मात्र जवळपास उघडाच. ११० ग्रॅमच्या शाफ्टमधला ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर चार-साडेचार ग्रॅमची भर पडते. तोल त्याने थोडासाच हलतो, पण शाफ्ट फुगून हातात चिकट लागतो आणि वाकण्याचा धोका असतो. क्यू भिंतीला टेकवून ठेवू नका, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. कडक केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, खेळून झाल्यावर शाफ्ट कोरड्या सुती फडक्याने जोरात पुसा. चिकट लागतो म्हणून सँडपेपर मारायचा मोह आवरा. दर पावसाळ्यात थोडा थोडा घासलेला शाफ्ट दोन-तीन वर्षांत बारीक आणि लवचिक होतो, आणि मग कितीही बोल्ट बदलले तरी तो पहिल्यासारखा लागत नाही.